मोठ्या गड्याशी कुस्ती

गेल्या वर्षी चैत्रात कृष्णाकाठच्या एका गावी जत्रेनिमित्त कुस्त्यांचे मैदान भरले होते. रेवड्यांच्या व नारळाच्या कुस्त्या आटोपल्या आणि पंचमंडळींनी शाळकरी मुलांच्या जोडी लावण्यास आरंभ केला. आमच्या शाळेतील इयत्ता नववीचा एक विद्यार्थी लंगोट कसून उभा होता. त्याचे वजन 45 किलोंच्या आसपास असेल. त्याच्या वाट्यास जो गडी आला तो त्याच्याहून वीतभर उंच आणि खांद्यांनी दीडपट रुंद होता. पंचांनी विचारले, "लढणार का?" मुलाने मान हलविली. हलगी कडाडली, सलामी झाली, आणि आमचा विद्यार्थी जो धावला तो सरळ त्या दांडग्या मुलाच्या छातीवर जाऊन आदळला. पुढे काय झाले ते सांगावयास नकोच. कुस्ती लागली हे प्रेक्षकांपैकी पुष्कळांच्या ध्यानात येण्यापूर्वीच ती निकाली झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तालीम सोडली. आठवडाभराने त्याचे वडील शाळेत आले आणि व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "गुरुजी, पोराचं अंगच बारीक, त्याला कोण काय करणार? आता त्यानं हा नाद धरावा का सोडावा, तेवढं तुम्ही सांगा." मी स्वतः तरुणपणी काही वर्षे लाल मातीत लोळलेला मनुष्य असल्यामुळे त्यांनी मला विचारले, परंतु त्या वेळी घंटा झाली, वर्ग वाट पाहत होता, आणि माझ्याच्याने नीटसे उत्तर देववले नाही. प्रस्तुत लेख हे ते राहून गेलेले उत्तर होय.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन मल्लांचे कौशल्य, दमसास आणि सराव ही सर्व समसमान असतील, तर जो जड तोच जिंकावयाचा. जगभर कुस्तीच्या व मुष्टियुद्धाच्या स्पर्धा वजनाचे गट पाडून घेतल्या जातात त्या काही उगाच नव्हेत. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ ही म्हण निबंधात घालावयास फार सोयीची आहे. परंतु तेवढ्याच भांडवलावर जो आखाड्यात उतरेल त्याची पाठ मातीला लागण्यास विलंब लागणार नाही. तथापि वर सांगितलेल्या तीन गोष्टी दोन मनुष्यांच्या ठायी सारख्या असल्याचे क्वचितच आढळते. शिवाय मोठेपणाच्या म्हणून काही खास अडचणी आहेत, आणि त्यांची मोठ्या गड्याला स्वतःलाच बहुधा वार्ता नसते.

ह्या अडचणी कोणत्या, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. एक इंच बाजूचा घन घ्या आणि दुसरा दोन इंच बाजूचा घ्या. दुसऱ्याचा पृष्ठभाग पहिल्याच्या चौपट भरेल, पण घनफळ मात्र आठपट होईल. मनुष्याच्या शरीरासही हाच हिशेब लागू पडतो. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदावर, अवलंबून असते. वजन मात्र घनफळाबरोबर वाढते. म्हणून शरीर मोठे होत जाते तसतशी ताकद वाढते खरी, पण वजन तिच्याहून वेगाने वाढते. 1988 साली सेऊल येथील ऑलिंपिकमध्ये तुर्कस्थानचा नईम सुलेमानोग्लू ह्या 60 किलो गटातील ठेंगण्या मल्लाने 190 किलो वजन डोक्यावर तोलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. सर्वांत अवजड गटातील एकाही मल्लास आजवर स्वतःच्या तिप्पट वजन डोक्यावर नेता आलेले नाही. तात्पर्य, लहान गडी आपल्या वजनाच्या मानाने अधिक बळकट असतो. उष्णतेची गोष्टही तशीच. अंगातील उष्णता कातडीवाटे बाहेर पडावयाची. मोठ्या देहात ती अधिक उत्पन्न होते आणि कातडीचा विस्तार त्या मानाने अपुरा पडतो. वैशाखाच्या उन्हात, लोकांनी गच्च भरलेल्या मैदानात, वीस मिनिटे झटापट झाल्यावर दांडगा गडी धापा टाकू लागतो त्याच्या मुळाशी हे कारण असते. पहिली पाच मिनिटे त्याची असतात. जो ती पाच मिनिटे निभावून नेतो त्याची खरी कुस्ती पुढे सुरू होते.

दुसरी अडचण तोलाची. सुगीत कडब्याने भरलेली बैलगाडी उताराच्या वाटेवरून जाताना कोणी पाहिली नाही? ओझे जितके उंच रचलेले, तितकी ती कलंडण्याची भीती अधिक. उंच मनुष्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून उंच असतो. म्हणून त्याच्या कमरेखाली शिरून त्याला वर उचलणे लहान गड्यास अधिक सुलभ जाते. कलाजंग हा डाव पाहावा. त्यात मल्ल प्रतिस्पर्ध्याचा हात धरून झटकन त्याच्या पोटाखाली शिरतो, त्याला धान्याच्या पोत्याप्रमाणे खांद्यावर घेतो आणि पलीकडे टाकतो. हे करावयास उंच गड्यास किती वाकावे लागेल, आणि ठेंगण्यास किती थोडे, ह्याचा विचार करा.

पण तोलाचे खरे मर्म पायांत आहे. तिवईला तीन पाय असतात, म्हणून ती कोणत्याही बाजूने ढकलली तरी सहजासहजी पडत नाही. मनुष्याला पाय दोनच. दोन पाय जमिनीवर जेथे टेकले आहेत त्या दोन बिंदूंतून एक रेघ मनाने ओढावी. त्या रेघेच्या दिशेने ढकलाल तर मनुष्य भिंतीसारखा उभा राहील. तिला आडवे, म्हणजे पुढे किंवा मागे, जेथे तिसरा पाय असावयास हवा होता तेथे ओढाल, तर साठ किलोचा असो वा शंभर किलोचा, त्यास तोल सावरण्यासाठी पाऊल उचलावेच लागते. पाऊल उचलले की सारा देह क्षणभर एका पायावर येतो. पट काढावयाचा, टांग मारावयाची ती नेमकी त्या क्षणी. आमच्या तालमीचे वस्ताद म्हणत असत की गड्याच्या तोंडाकडे पाहू नका, त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहा. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मोठा गडी बहुधा रेटतो, कारण रेटल्याने आजवर त्याचे काम भागलेले असते. आता रस्सीखेचीच्या खेळात एका पक्षाने दोर एकदम सैल सोडला तर दुसऱ्या पक्षाची काय अवस्था होते हे आपण दरवर्षी क्रीडामहोत्सवात पाहतोच. तो रेटीत असता आपणही उलट रेटावे, तर ज्याचे वजन जास्त त्याची सरशी होते. परंतु रेट्याला क्षणभर विरोध करून, त्यास अधिक जोर लावावयास भाग पाडून, मग एकाएकी वाट मोकळी करून दिली आणि तो जिकडे निघाला आहे तिकडेच त्यास आणखी थोडे ओढले, तर त्याचे वजन आपले चाकर बनते. धोबीपछाड, टांग, ढाक हे डाव ह्याच तत्त्वावर बसविलेले आहेत. जपानात जिगोरो कानो ह्या गृहस्थांनी 1882 साली ज्यूदो नामक विद्येची शाळा काढली तिचाही पाया हाच. ते स्वतः देहाने लहानखुरेच होते. ह्या विद्येचा आपल्या साताऱ्याच्या एका मल्लाशी पुढे कसा संबंध आला ते ओघाने सांगतो.

आपल्याकडील जुन्या जाणत्यांना हा भेद चांगला ठाऊक होता. कुस्तीचे त्यांनी चार प्रकार मानले. ज्यात शक्तीस प्राधान्य ती भीमसेनी, ज्यात डावपेचांस व चपळाईस प्राधान्य ती हनुमंती, हातापायांचे बंध घालून प्रतिस्पर्ध्यास जखडून टाकावयाचे ती जांबुवंती, आणि सांधे पिरगाळून हाडे मोडावयाची ती जरासंधी. ह्यांतील शेवटचा प्रकार क्रूर असल्यामुळे तो खेळ म्हणून खेळला जात नाही व जाऊही नये. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हनुमंताच्या अंगी बळाची काय वाण होती? तरीही युक्तीच्या कुस्तीस नाव त्याचेच दिले. युक्ती ही दुबळ्याने नाइलाजाने धरावयाची काठी आहे असे त्या लोकांस वाटत नव्हते.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. कऱ्हाडजवळ गोळेश्वर म्हणून गाव आहे. तेथे 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल. पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले व पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. उंची अवघी साडेपाच फुटांच्या आतबाहेर, अंगकाठी सडपातळ. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत भाग घेऊ द्यावा म्हणून त्यांना क्रीडाशिक्षकांची मनधरणी करावी लागली, कारण असला बारीक मुलगा मोठ्या मल्लांपुढे काय टिकणार असेच प्रथमदर्शनी वाटे. तोच मुलगा ती स्पर्धा एकामागून एक कुस्त्या मारून जिंकून गेला.

खाशाबांचा हातखंडा डाव म्हणजे ढाक. त्यात प्रतिस्पर्ध्याची मान हाताच्या विळख्यात धरावयाची आणि त्यास आपल्याकडे ओढून घेत भुईवर फेकावयाचे. सांगावयास हे एका वाक्यात सांगता येते. परंतु मान सहजासहजी कोण हाती देतो? म्हणून आधी हूल द्यावी लागते. पायाकडे हात टाकल्यासारखे केले की प्रतिस्पर्धी पाय मागे घेतो आणि पाय मागे गेले की मस्तक आपोआप पुढे झुकते. पायाला हात घालण्याचे नाटक केले ते मानेसाठी. एका डावाच्या पोटात दुसरा डाव लपविणे, हेच कुस्तीतील युक्तीचे खरे स्वरूप होय. प्रत्येक डावास तोड असते, आणि त्या तोडीसही तोड असते. जो एक पायरी पुढचे पाहतो त्याची पाठ सुरक्षित. माझा स्वतःचा एकच डाव बरा होता, धोबीपछाड. पहिल्या वर्षी त्यावर मी सात कुस्त्या मारल्या. दुसऱ्या वर्षी आसपासच्या पाच गावांत सर्वांस ठाऊक झाले की हा उजव्या हाताला हात घालतो, आणि मग माझ्या वाट्यास जे आले त्याचे वर्णन येथे करण्याची मला हौस नाही.

1948 साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चास साहाय्य केल्यामुळे खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे एक नवीनच प्रतिस्पर्धी त्यांची वाट पाहत होता, आणि तो म्हणजे पायाखालची गादी. मातीत वाढलेल्या मल्लास गादी परकी. मातीत पाय रुततो, घामेजलेल्या अंगास माती लावून पकड घेता येते, आणि पाठ लागेपर्यंत वेळेचे बंधन नसते. गादीवर हे काहीच नाही. तेथे घड्याळ आहे, पंचांचे गुण आहेत, आणि आंतरराष्ट्रीय नियमांचे जाळे आहे. रीस गार्डनर नामक शिक्षकाने त्यांस तेथे थोडेफार तयार केले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांतच लोळविले, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरविले, परंतु इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते हरले. फ्लायवेट गटात त्यांचा क्रमांक सहावा आला. गादीवर जवळजवळ नवखा असलेल्या मुलाने जगात सहावा यावे ह्याचे लोकांनी कौतुक केले. खाशाबा मात्र परत येऊन पुढील चार वर्षे वरच्या, म्हणजे बँटमवेट गटासाठी, मेहनत करीत राहिले.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड व्हावयाची तेव्हा मद्रास येथील स्पर्धेत त्यांस एक गुण कमी पडला व त्यांची निवड हुकली. हा अन्याय आहे असे त्यांचे मत होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि ह्या वेळी त्यांनी प्रतिस्पर्ध्यास चितपटच केले, जेणेकरून गुण मोजण्याचा प्रश्नच उरू नये. पुढे प्रवासखर्चाची अडचण आली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी जमविली. आपल्या शिष्याच्या ढाकेवर घर गहाण टाकणारा तो गुरू पाहिला म्हणजे माझ्यासारख्या मास्तराची मान खाली जाते.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या तीन देशांच्या मल्लांस हरविले. मग गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशीशी. हा इशी मूळचा ज्यूदो शिकलेला. महायुद्धानंतर जपानात काही काळ ज्यूदोवर बंदी आल्यामुळे तो कुस्तीकडे वळला होता. म्हणजे खाशाबांसमोर जो मनुष्य उभा राहिला तो त्यांच्याच जातीचा, दुसऱ्याचे बळ त्याच्यावरच उलटविण्यात मुरलेला. ती कुस्ती लांबली आणि खाशाबा हरले. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता; परंतु लगेच त्यांना रशियाच्या रशीद मम्मादबेयोव्हशी लढण्यास बोलाविण्यात आले. त्या वेळी नियमावर बोट ठेवून भांडावयास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्णपदक, मम्मादबेयोव्हला रौप्य, आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख 23 जुलै 1952. स्वतंत्र भारताच्या कोणाही खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक.

जरासंधाशी लढताना भीम थकला तेव्हा कडेला बसलेल्या श्रीकृष्णाने काडी उभी चिरून तिचे दोन भाग उलटसुलट बाजूंस फेकून दाखविले, अशी कथा आहे. भीमासारख्याला सुद्धा कडेला कोणी तरी लागतो. खाशाबांच्या कडेला त्या दिवशी कोणी नव्हते. नियमांची माहिती असणे आणि ती वेळेवर बोलून दाखविणारा माणूस जवळ असणे, हाही डावपेचाचाच एक भाग आहे, आणि पदकाचा रंग ह्यावरून बदलू शकतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

परत आल्यावर कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरापर्यंत शेकडो लोकांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. गाड्यांची संख्या 151 होती असे सांगतात. खाशाबांनी पुढे कुस्त्या लावून पैसे उभे केले व प्राचार्यांचे कर्ज फेडले. नंतर ते पोलीस खात्यात गेले आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, कित्येक वर्षांनी.

आता कोणी म्हणेल, हे लहान चणीच्या मल्लाचे झाले. जो मुळातच धिप्पाड आहे त्यास युक्तीचे काय काम? त्यांनी सांगलीकडे पाहावे. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने हे दोघेही भरभक्कम देहाचे मल्ल. 1962 साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत मान्यांनी मुक्त शैलीत सुवर्ण व ग्रीको-रोमन शैलीत रौप्यपदक मिळविले. आंदळकरांनी त्याच स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण व मुक्त शैलीत रौप्य मिळविले. ह्यातील विशेष समजण्यासाठी नियम ठाऊक पाहिजे. ग्रीको-रोमन शैलीत कमरेखाली पकडता येत नाही, की पायाचा उपयोग करून पाडता येत नाही. ज्या मातीतल्या मल्लाने जन्मभर एकेरी पट, दुहेरी पट आणि टांग ह्यांवर मेहनत केली त्याचे अर्धे भाते येथे रिकामे होते. तरीही त्यांनी सुवर्ण आणले ते उरलेले अर्धे नव्याने बांधून. बळ तर मुक्त शैलीतही तेच होते. सांगलीचेच संभाजी पवार ह्यांना लोक 'बिजली मल्ल' म्हणत. वजन किती ह्यापेक्षा वीज कडाडावी तशी चपळाई किती, ह्याचे माप त्या नावात आहे.

मुष्टियुद्धात म्हणजे बॉक्सिंगमध्येही हाच इतिहास आहे, फक्त साधने निराळी. अमेरिकेत जॉन सुलिव्हन हा मल्ल दहा वर्षे अजिंक्य म्हणून मिरवत होता. 7 सप्टेंबर 1892 रोजी न्यू ऑर्लिन्स शहरी त्याची गाठ जेम्स कॉर्बेटशी पडली. कॉर्बेट हा पूर्वी बँकेत कारकून होता आणि वजनाने तीस पौंडांहून अधिक हलका. सुलिव्हनने एक ठोसा मारला की समोरचा उठत नसे. म्हणून कॉर्बेटने त्यास तो ठोसा मारू दिलाच नाही. तो सारखा सरकत राहिला, मारून दूर होत राहिला. सुलिव्हन हवेत ठोसे मारून थकला आणि एकविसाव्या फेरीत आडवा झाला. नेम चुकलेला ठोसा बसलेल्या ठोशापेक्षा मारणाऱ्यास अधिक थकवितो, हे ज्यांनी कधी रागाच्या भरात हवेत काठी फिरविली आहे त्यांना सांगावयास नको.

ह्याच्या नेमकी उलट युक्ती महंमद अलीने 30 ऑक्टोबर 1974 रोजी आफ्रिकेतील किन्शासा येथे केली. समोर जॉर्ज फोरमन, वय 25, चाळीस लढतींत अपराजित, त्यांपैकी 37 प्रतिस्पर्ध्यांस त्याने पुरते झोपविलेले. अली 32 वर्षांचा. ज्या जो फ्रेझरने व केन नॉर्टनने अलीला हरविले होते त्या दोघांसही फोरमनने दोन दोन फेऱ्यांत संपविले होते. अली नाचत, सरकत राहील असे सर्वांस वाटले. तो सरकला नाही. दोरांना पाठ टेकून, दोन्ही हातांनी तोंड व बरगड्या झाकून तो उभा राहिला आणि फोरमनला मारू दिले. दोर मागे लवत आणि ठोशाचा पुष्कळसा जोर त्यांत जिरून जाई. मधूनमधून अली त्यास डिवचीत असे, म्हणजे तो चिडून आणखी मारी. आठव्या फेरीत फोरमनचे हात जड झाले, आणि अलीने थोडक्या ठोशांत त्यास खाली पाडले. कॉर्बेट पळून जिंकला, अली उभा राहून. दोघांनीही प्रतिस्पर्ध्याचा दम त्याच्याच हाताने खर्ची घालविला. पण विद्यार्थ्यांनी हे अनुकरणासाठी घेऊ नये. अलीने आयुष्यात फार मार खाल्ला आणि उतारवयात त्याचे हात कापत, बोलणे अडखळे. ज्या युक्तीत आपल्या मस्तकावर मार झेलावा लागतो ती युक्ती महाग पडते.

युक्तीचा आणखी एक प्रकार आहे, त्याने कुस्ती हरत नाही पण जिंकतही नाही. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये आपल्या गामा पहिलवानाने पोलंडच्या झिबिस्कोला पहिल्याच मिनिटात खाली घेतले. झिबिस्को जो पालथा पडला तो अडीच तासांहून अधिक वेळ तसाच भुईला चिकटून राहिला. लोक कंटाळले, कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली, आणि आठवड्याने पुन्हा लढावयाचे ठरले तेव्हा झिबिस्को आलाच नाही. 1928 साली पतियाळ्यास दोघे पुन्हा उभे राहिले. गामाने एका मिनिटाच्या आत त्यास चीत केले. पालथे पडून राहण्यास डाव म्हणावे की काय, ह्याचा निर्णय वाचकांनीच करावा. माझे मत विचाराल तर नियमात बसत होते, म्हणून ती लबाडी नव्हे. पण तीत प्रतिस्पर्ध्याचे काहीच वाचलेले नव्हते, म्हणून ती युक्तीही नव्हे. अंगास तेल चोपडून उतरणे, डोळ्यांत माती उडविणे, आधीच ठरवून नुरा कुस्ती करणे, ही मात्र निखळ लबाडी.

मोठ्याशी गाठ पडली असता सर्वांत आधी ठरवावयाची गोष्ट डाव ही नव्हे, तर जागा आणि साधन. आमच्या विद्यार्थ्यांना दावीद आणि गल्याथ ह्यांची गोष्ट पाठ असते, पण तीतील एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. शौल राजाने आपले चिलखत दाविदाला चढविले होते. ते त्याने उतरवून ठेवले. चिलखत घालून तो सहा हात एक वीत उंचीच्या गल्याथाजवळ गेला असता तर ती गल्याथाचीच लढाई झाली असती. त्याने गोफण घेतली. ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभे राहून पाखरे राखणाऱ्या आपल्याकडील पोरांना गोफणीचा पल्ला काय असतो ते ठाऊक आहे. आणि आपल्याच सातारा जिल्ह्यात 1659 साली जे घडले ते काय निराळे होते? अफझलखान वाईस तळ देऊन बसला होता. ते मैदान त्याच्या फौजेला सोयीचे होते. शिवाजीमहाराजांनी त्यास जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याशी आणले. 10 नोव्हेंबरची भेट घडण्याच्या आधीच अर्धी लढाई त्या वाटेवर झाली होती.

पालकांना दोन शब्द. मुलास हिशेबाबाहेर मोठ्या गड्याशी लढावयास लावू नये. मान व पाठीचा कणा ह्यांना झालेली इजा डावपेचांनी भरून येत नाही. जाणता वस्ताद नसेल तेथे ढाकेसारखे मानेचे डाव शिकवूच देऊ नयेत. अंग बारीक म्हणून दूध-तुपाचा मारा करून त्यास चार महिन्यांत फुगविण्याच्याही भरीस पडू नये. वाढत्या वयात अंग आपल्या वेळेने येते. तोल, नजर व दम ही मात्र ह्याच वयात अंगी मुरतात. माझा अनुभव असा आहे की लहानपणी जो मुलगा आपल्या वर्गात सर्वांत दांडगा असतो तो बहुधा रेटण्यावर भागवितो आणि शिकत नाही. आणि अठराव्या वर्षी इतर मुले त्याच्याएवढी होतात तेव्हा त्याची पंचाईत होते.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मी पुढे एका रविवारी घरी जाऊन एवढेच सांगितले की त्याला तालमीत येऊ द्या, पण सहा महिने जत्रेचे नाव काढू नका. त्या सहा महिन्यांत त्याने मोठ्या मुलांशी खडाखडी केली ती पाडण्यासाठी नव्हे, तर न पडण्यासाठी. समोरच्याचे कोणते पाऊल पुढे असते, मानेवर कोणता हात येतो, दम लागल्यावर तो तोंड उघडतो की नाही, हे तो रोज संध्याकाळी मला येऊन सांगे. वहीत लिहून आणीत जा म्हटले तर त्याचा मात्र त्याला कंटाळा.

यंदाच्या जत्रेत पंचांनी पुन्हा तीच जोड लावली. गेल्या वर्षीची गंमत लोकांच्या लक्षात होती. मोठा मुलगा ह्या वर्षात आणखी वाढला होता. सलामी होताच तो रेटीत आला. आमचा विद्यार्थी मागे सरकला, बाजूस झाला, पुन्हा मागे सरकला. लोक ओरडू लागले, "अरे, भीड की!" तो भिडला नाही. सहाव्या-सातव्या मिनिटास मोठ्याचे तोंड उघडे पडले. मग एकदा पायाकडे हूल गेली, मस्तक झुकले, पण हात मानेवर नीट बसला नाही आणि दोघेही घसरून खाली आले. सतरा मिनिटांनी अंधार पडू लागला तसे पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडविली आणि बक्षिसाचे पैसे दोघांत वाटून दिले. येताना एस. टी. त माझ्या शेजारी बसून तो सांगलीपर्यंत एकच गोष्ट बोलत होता, की कोपर जरा आणखी आत घेतले असते तर मान सुटली नसती.